बिनतारी काकी

एक अक्षर चुकवून अख्खी वाडी दुपारच्या जेवणावरून उठवणारा महाडमधला मी बहुधा एकटाच.

माझा चुलतभाऊ दत्तू मुंबईची नोकरी सोडून पोलादपूरच्या वरच्या डोंगरात, आमच्या वाडीवर, शेळ्या पाळतो. तिथे मोबाइलला रेंज नाही. पावसात दरड आली की रस्ताही नाही! म्हणून आम्ही दोघांनी हौशी रेडिओची परीक्षा दिली, लायसन्स काढलं आणि पॅकेट रेडिओ उभा करायचं ठरवलं. म्हणजे काय, तर कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करायचा, वायरलेस सेट तो चिर्रर्र करून हवेत सोडणार, आणि पलीकडच्या कॉम्प्युटरवर तो जसाच्या तसा उमटणार. ना सिम, ना रिचार्ज! (चुकीचा मजकूरही जसाच्या तसाच उमटतो, हे परीक्षेत विचारलं नव्हतं.)

सामान सगळं गावातलंच. फ्रिज दुरुस्तीवाल्याकडून तांब्याची नळी, भंगारातून लॅपटॉप, आणि तांब्याची अँटेना उंच बांधायला आमच्या गच्चीवरची कपडे वाळत घालायची बांबूची काठी.

"अहो, आणि माझे कपडे?" बायकोनं विचारलं.

"विज्ञानासाठी एक दिवस ओले राहू देत!"

दत्तूची आई, म्हणजे आमची काकी, तेव्हा आमच्याकडेच राहायला होती. गुडघ्यांसाठी जवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या झऱ्यावर तिच्या आंघोळी चालल्या होत्या. पण लेकाचं पत्र हवेतून येणार म्हटल्यावर ती गुडघे विसरून जिना चढली.

रविवारी दुपारी बाराला सेट चिरचिरला आणि पडद्यावर अक्षरं धावली: 'दादा, काळी शेळी व्याली. दोन करडं.'

मी नाचलो! काकी नाचली! "दोन्ही काळीच हायत काय, इचार रे सुध्या!"

मी विचारणार, तोच वारा सुटला आणि काठी कडाडकन आडवी! दोन ठिकाणी मोडलेली. मी ती सुतळीनं बांधली, उभी केली. पण धरून कोण ठेवणार?

काकीनं पदर खोचला. "आन हिकडं. भाताचे भारे वाह्यलेत मी, ही काय चीज हाय!"

आता दत्तूला कळवायला हवं. आमच्या यंत्राला देवनागरी कळत नाही, मराठी इंग्रजी अक्षरांत लिहावी लागते. मी आनंदात भराभर लिहिलं: 'काठी पडली. दोन ठिकाणी मोडली. सुतळीनं बांधून उभी केलीय. संध्याकाळपर्यंत टिकेल असं वाटतं.'

फक्त काठीतल्या 'ठ'साठी टी-एच दाबायच्या ऐवजी माझ्या बोटानं के दाबला. त्यामुळे वाडीवर पोचली ती, 'काकी पडली.' पुढचा मजकूर बिनचूक!

दत्तूचं उत्तर येईना. मला वाटलं, संदेश पोचतच नाही. म्हणून यंत्राला हुकूम दिला, दर मिनिटाला पुन्हा पाठव. (चिकाटी हा माझा गुण आहे.) काकी पुन्हा पुन्हा पडत राहिली, दर मिनिटाला दोन ठिकाणी मोडत राहिली, आणि प्रत्यक्षात बांबू कवटाळून मला शिव्या घालत राहिली.

"सुध्या, हात भरून आले रे!"

"काकी, जरा उजवीकडे! सिग्नल येतोय!"

दीड तासानं खाली टेम्पो थांबला. त्यातून दत्तू उतरला, त्याची बायको उतरली, मग बारा-तेरा माणसं उतरली. पोलादपुरात रेंज येताच त्यानं मला सात फोन केले होते. फोन खाली कपाटावर, मी वर गच्चीत! दत्तू रडतच जिना चढला आणि दारात थिजला.

"आये! तू उभी?"

"मंग काय करू? ह्यानं बसू दिलाय कुठं!"

दत्तूनं तिला मिठी मारली. काठी सुटली, माझ्या खांद्यावर आली. दत्तू लहान पोरासारखा हुंदके देत होता. मग त्यानं माझा संदेश उतरवून घेतलेला कागद खिशातून काढून वाचून दाखवला. 'सुतळीनं बांधून' या शब्दांवर माझी बायको मटकन खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून हसू लागली. मग दत्तू हसला, मग वाडी हसली. हसला नाही तो एकच माणूस: त्यांनी सोबत आणलेले हाडवैद्य. हातात तेलाची बाटली, काखेत बांबूच्या पट्ट्या.

"मोडलंय कोन ते तरी सांगा," ते गंभीरपणे म्हणाले.

काकीनं माझ्याकडे बोट केलं. "ह्याचा डोका बघा."

त्यांनी खरंच माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, चहूबाजूंनी दाबून पाहिलं आणि निकाल दिला, "हाड शाबूत हाय. आतला आपन बघत नाय."