तात्यांना न विचारलेला प्रश्न

तात्या डॉक्टर गेले त्याला दीड महिना झाला. मी त्यांच्या उशाशीच होतो, आणि माझं दुखणं नेमकं तेच आहे.

माण भागातल्या आमच्या गावात ते मोठे डॉक्टर, मी त्यांच्या हाताखाली शिकलेला. औषध हरलं की त्यांचं खरं काम सुरू व्हायचं. घरच्यांना अंगणात पिटाळायचे, रोग्याच्या बाजेशेजारी जमिनीवर बसायचे आणि सरळ विचारायचे, "काय राहिलंय, गड्या?" एक म्हातारा धनगर म्हणाला, "मेंढरं येकदा दारावरनं न्या." तात्यांनी सगळा कळप दारावरून फिरवायला लावला. मला मात्र त्या प्रश्नाची धास्ती वाटे. "तुला नुसती जीव वाचवायची घाई," असं ते चिडवायचे.

मग पोटातल्या गाठीनं त्यांनाच धरलं. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला स्वयंपाकघरात नेलं, माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. "त्यास्नी काय बी सांगायचं न्हाई. माजी शपथ हाय." मी अडकलो. रोज नाडी बघायची, रोज खोटं बोलायचं.

एका सकाळी त्यांनी विचारलंच, "खरं सांग, किती दिवस?" दारात काकू उभ्या. मी म्हणालो, "पंधरा दिवसांत उठून बसाल."

दुसऱ्याचं खोटं लांबून ओळखणारा माणूस, पण त्यालाही जगायचं होतंच की. "मग दादाला आताच बोलवायला नको," ते म्हणाले. "चालता-फिरता झालो की मीच सांगलीला जातो."

दादा म्हणजे सांगलीला राहणारे त्यांचे थोरले भाऊ. तात्यांच्या सांगण्यावरून दादांचा मुलगा पलटणीत गेला आणि ब्रह्मदेशातून परत आला नाही. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं, तरी "काय राहिलंय?" असं विचारायला माझी जीभ उचलली नाही. पाचव्या दिवशी तात्या गेले.

तिरडी बांधून झाल्यावर दादा आले. थोड्या वेळानं मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "डाक्टर, त्यानं माजं नाव काडलं हुतं का?"

"हो."

"कवा?"

"पाच दिवस झाले."

"सांगलीस्नं हितं येका दिवसाची वाट हाय," दादा म्हणाले. "मला कुणी का न्हाई सांगितलं?"

काकू शेजारीच ओट्यावर रडत होत्या. ते पंधरा दिवस मीच खोटे सांगितले होते, हे मी तेव्हाही बोललो नाही.