बिनआवाजाचा डबा

घरी कॉम्प्युटर जोडायचा म्हटलं की लोक प्रोसेसर कोणता, मेमरी किती, यावर डोकं खपवतात. माझं सगळं डोकं डब्यातच गेलं. डबा म्हणजे कॅबिनेट, ज्याच्या पोटात बाकीचं सगळं बसतं तो पत्र्याचा खोका. आईने पहिल्याच दिवशी त्याला डबा म्हटलं आणि घरात तेच नाव पडलं. मला असा डबा हवा होता की ज्यातून आवाज बाहेर येणार नाही आणि जो माझ्या खिशालाही झेपेल. या दोन गोष्टी एका डब्यात सहसा मावत नाहीत, हे मला पुष्कळ शोधल्यावर कळलं.

मी लग्नाचे व्हिडिओ कापून-जोडून देते. चिखलीतले आणि आसपासच्या गावांतले फोटोग्राफर शूटिंग करतात, कार्डं माझ्याकडे आणून टाकतात, आणि नवरदेवाच्या मामाचा नाच किती वेळ ठेवायचा ते मी ठरवते. जुन्या खोक्यावर काम भागत होतं. पण तयार व्हिडिओ बाहेर काढायला लावला की त्याचे पंखे अंगणात मळणीयंत्र आल्यासारखे ओरडायचे, आणि काम संपलं की एकदम गप्प व्हायचे. माझं टेबल पुढच्या खोलीत आणि आईची खाट मधल्या खोलीत. मध्ये दार आहे, पण ते पावसाळ्यात फुगून बसलेलं, नीट लागत नाही.

बाबा गेल्यापासून आईला रात्रीची झोप नव्हती. दुपारी जेवून आडवी व्हायची तेवढीच. आणि माझं काम दुपारीच चालायचं. मग व्हायचं असं की तिचा डोळा लागायचा, आणि थोड्या वेळाने ती धाडकन उठून अनवाणी आतल्या खोलीत जायची. तिथल्या कोपऱ्यात उभी राहायची आणि हवेतच हात फिरवायची, नळ सोडतात तसा. त्या कोपऱ्यात आता काहीच नाही. भिंतीला एक काळा डाग आहे तेवढा.

तिथे पूर्वी ऑक्सिजनचा सिलिंडर होता. बाबांनी सारी उमर जिनिंगमध्ये काढली, कापसाची धूळ छातीत भरली, आणि शेवटचे सात-आठ महिने ते मशीनवर जगले. हवेतून ऑक्सिजन काढून नळीने नाकात सोडणारं ते मशीन. रात्रंदिवस घूं घूं करत राहायचं. ते विजेवर चालायचं, घरचा इन्व्हर्टर त्याला पुरत नव्हता, आणि आमच्या भागात लाइन कधी जाईल याचा नेम नाही. लाइन गेली की धावत जाऊन सिलिंडरची चावी सोडायची आणि नळी तिकडे लावायची. कधी आई धावायची, कधी मी. जी आधी पोचेल ती.

बाबा गेले तेव्हा मात्र लाइन गेली नव्हती. मशीन चालू होतं, नळी नाकात होती, सगळं जागच्या जागी होतं. माणसं जमली, रडारड झाली, आणि ते मशीन आपलं घूं घूं करतच राहिलं. ते बंद करायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. एवढा निर्लज्ज आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

त्यामुळे आईला काय होतंय हे आम्हा सगळ्यांना अगदी स्पष्ट दिसत होतं. माझ्या खोक्याचे पंखे घुमले की तिला ते मशीन आठवतं आणि ती उठते. शेजारची काकू तेच म्हणाली, पुण्याहून भाऊही फोनवर तेच म्हणाला. भाऊ माझ्याहून मोठा आहे. हुकूम सोडल्यासारखं बोलणं त्याला शोभतं असं त्याला वाटतं.

"तो आवाज बंद कर नाहीतं कामधंदा बदल," तो म्हणाला. "दिवाळीपर्यंत पाहतो. मंग आईले मी घेऊनच जातो इकडं."

आईला जायचं नव्हतं. "पुन्यात मले कोन वळखते? सकायपासून नातवाच्या टीव्हीपुढं बसू काय मी?" असं ती मला म्हणायची, त्याला नाही. आणि खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मलाच जास्त धास्ती होती. त्या घरात मला एकटीला राहायचं नव्हतं. आई गेली की त्या कोपऱ्याशी गाठ माझीच. म्हणून मी डब्याच्या मागे लागले.

चिखलीतल्या दुकानदाराने मला आधी सगळे काचेचे डबे दाखवले. आत लाल-निळे दिवे, समोर जाळी, जाळीमागे तीन पंखे. लग्नाचा मांडव बरा.

"ताई, हाच चालून राह्यला सध्या. पोरं दुसरा मांगतच नाही."

"आवाज?"

"आवाज तं येनारच ना. हवा पाह्यजे त्याले."

मी त्याला समजावलं की मला समोरून बंद डबा पाहिजे, पत्रा जाड पाहिजे, आणि पंखा मोठा पाहिजे. मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा ओढतो, छोट्याला जीव तोडून फिरावं लागतं. हे सगळं मी व्हिडिओ पाहून पाहून शिकले होते. मुद्दाम बिनआवाजाचे म्हणून बनवलेले डबे मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून मी विषयच बदलला. शेवटी दुकानदाराने माळ्यावरून एक काळा, चौकोनी, तिजोरीसारखा खोका काढला. वर्षानुवर्षांची धूळ.

"हा कोनी घेत नाही. आतलं काही दिसतच नाही ना याच्यात."

"मले दिसाले नाहीच पाह्यजे," मी म्हटलं. त्याने तो जवळजवळ फुकटात दिला आणि वर माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

मग मी त्या डब्यावर जेवढी मेहनत घेतली, तेवढी कोणत्या नवरीवर कोणी घेतली नसेल. गादीवाल्याकडून फोमचे तुकडे आणून पत्र्याला आतून चिकटवले. सायकलच्या जुन्या ट्यूबचे गोल कापून प्रत्येक स्क्रूखाली घातले, म्हणजे पंख्याची थरथर पत्र्यात उतरणार नाही. दोन मोठे पंखे बसवले. काम नसेल तेव्हा ते पूर्ण थांबतील आणि काम आलं की हळूच सुरू होतील, अशी सोय केली. सगळं जोडून बटण दाबलं आणि पत्र्याला कान लावला. काही नाही. समोर पडद्यावर चित्र आलं म्हणून कळलं की चालू झालाय. मी इतकी खूश झाले की एकटीच टाळी वाजवली.

त्या दुपारी आई झोपली आणि मी कामाला बसले. एक लग्न बाहेर काढायला लावलं. पंखे सुरू झाले तेव्हा अगदी बारीक घूं घूं तेवढी आली. फुगलेल्या दारातून डोकावून पाहिलं तर आई शांत झोपलेली. मनात म्हटलं, जिंकलो. मग ते लग्न संपलं, पंखे थांबले, आणि आई ओरडतच उठली.

"लाइन गेली! लाइन गेली ना वं!"

ती कोपऱ्यात जाऊन हात फिरवू लागली. तिच्या डोक्यावर छताचा पंखा गरगर फिरत होता. मी तिला धरून बाहेर आणलं, डब्यापुढे बसवलं.

"पाह्य ना आई, लाइन आहे. हा चालू आहे."

तिने डब्यावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "मंग आवाज काऊन नाही?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, तसं मी इतके दिवस करत होते. आई आवाजाने कधी उठलीच नव्हती. ती आवाज थांबला की उठायची. आमच्या घरात घूं घूं चालू असली की निवांत झोपायचं, कारण बाबा श्वास घेत असायचे. ती थांबली की धावायचं. जुना खोकाही ओरडत होता तोवर ती झोपलेली असायची, आणि गप्प झाला की उठायची. आम्ही फक्त तिला उठलेली पाहिलं आणि दोष आवाजाला दिला. ज्या घरात लाइन जात नाही, तिथं मुळात कोणी असं उठलंच नसतं.

मला त्या दुपारी फार वाईट वाटलं. आईचं वाटलंच, पण डब्याचंही वाटलं. एवढा छान गप्प केलेला तो, आणि आता त्याला बोलतं करायचं होतं. मी फोम सोलून काढला. पंखे कमीजास्त होण्याची सोय बंद केली आणि त्यांना एकाच वेगावर बांधून टाकलं, काम असो की नसो. मग डब्यातून एकसारखी, मंद घूं घूं येऊ लागली. आईने ऐकली. म्हणाली, "हा इथं काऊन? आत ठेव." मी लांब वायर आणून डबा आतल्या खोलीत, त्या काळ्या डागापुढे ठेवला. पडदा आणि कीबोर्ड पुढच्या खोलीत राहिले.

डबा आम्ही बंद करणं सोडून दिलं. लाइन जाईल तेव्हा तो सिलिंडरसारखाच चालत राहावा म्हणून इन्व्हर्टरवर टाकला, आणि इन्व्हर्टरला तो झेपला. आई आधी दुपारची झोपू लागली, मग रात्रीची. गाल भरले. काकूशी भांडू लागली, म्हणजे बरी झाली. काकूला मी सांगितलं की चांगला डबा मिळाला, एवढंच.

दिवाळीला भाऊ आला. आईला पाहून त्याचा चेहरा सैल झाला. "आई तं एकदम टकाटक झाली," असं तो मला म्हणाला आणि पुण्याला नेण्याचा विषय त्याने काढला नाही. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी स्वयंपाकघरात करंज्या करत होतो. आई लाटत होती, मी भरत होते. भाऊ घरात इकडे-तिकडे फिरत होता. मध्येच घरातून काहीतरी गेलं. मला नंतर कळलं की घूं घूं थांबली होती. तेव्हा काहीच कळलं नाही. ताट कधी पडलं, मी कधी उठले, मला माहीत नाही. मी आतल्या खोलीत कोपऱ्यात उभी होते, माझे हात सारणाने भरलेले होते, आणि उजवा हात हवेत फिरत होता. चावी सापडत नव्हती. मी बाबांना म्हणत होते, "झालं बाबा, झालंच, सोडते."

डब्याशेजारी भाऊ उभा होता. बटणावर बोट. "कोनी बसलं नव्हतं म्हनून बंद केला मी," तो म्हणाला.

आई धावत आली नव्हती. ती लाटणं ठेवून, पदराला हात पुसत, सावकाश आली. बंद डब्याकडे तिने एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"माय," ती म्हणाली, "ते गेले ना."

मला माहीत होतं. ते गेल्यावर बाबांच्या नाकातली नळी मीच तर काढली होती. तरी आईने सांगेपर्यंत मला ते खरं वाटलंच नव्हतं, आणि मी तिथेच खाली बसून रडले.

भाऊबीज झाल्यावर भाऊ निघाला तेव्हा गाडीत माझी बॅग होती. आईने ती भरली होती, मला न विचारता. थोडे दिवस जाऊन ये, म्हणाली, मी आहे इथं, काकू आहे. मी खूप नाही म्हटलं, पण दोघांपुढे माझं चाललं नाही. गाडी सुरू झाल्यावर आई खिडकीशी आली, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "तिकडं लाइन गेली तं उठू नको, माय. झोपून राह्यजो."