रुखसानाने बारा वर्षं लपवलेला कागद

रुखसाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या शाळेत हजेरी घेत होते. हजेरी पूर्ण केली आणि मग रडले. आज दीड महिन्याने लिहायला बसले, तर रडू येत नाही, संताप येतो. गेलेल्या मैत्रिणीवर रागवायचं तरी कसं... पण रागावले आहे मी, स्पष्टच सांगते.

ती अकोटच्या जिनिंगवाल्यांची, मी भटजींची मुलगी. अमरावतीच्या वसतिगृहात आमच्या खाटा शेजारी-शेजारी. पुढे ती तिथेच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवू लागली आणि उंदरांच्या गर्भांचे मेंदू तपासण्यात रमली. ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन अकोल्याला यायची. आमच्याकडे भांडं रिकामं परत पाठवत नाहीत, म्हणून मी त्यात अनारसे भरून द्यायची.

माझ्या निनादला चौथ्या महिन्यात झटके सुरू झाले. मी बोट दाखवलं ते नवऱ्याकडे. त्या वर्षांत अळीने कापसावर कहर केला होता, सगळं शिवार औषधाच्या वासाने भरलेलं. आणि मी पोटुशी असताना यांनी मला ऐन फवारणीच्या दिवशी जेवण घेऊन शेतात बोलावलं होतं. "तुमच्या फवारणीनं माझं लेकरू खाल्लं," हे मी त्यांना पाहुण्यांसमोरही ऐकवलं. ते मान खाली घालून निनादला औषध पाजत बसायचे.

रुखसानाने आमचं तिघांचं रक्त तपासायला पाठवलं. नंतर एका ईदला म्हणाली, "सुमे, मेंदूत शांत करणाऱ्या पेशी असतात. खोल आत जन्मतात, अन् लांब चालत वरच्या थरात जातात, बाकीच्यांले आवराले. एक जनुक नसलं तर त्या पोचतच नाहीत. अमरावतीले निंगालेल्या बाईनं अलीकडच्या बडनेरा ठेसनावरच बसून राहावं तसं. मंग आवरन कोण? म्हणून झटके."

"जनुक गेलं काहून? फवारणीनं?"

ती डबा पुसत राहिली. "समजलं नाई अजून," म्हणाली. मी तेवढ्यावर बारा वर्षं विश्वास ठेवला.

गेल्या आठवड्यात तिच्या भावाने तिच्या कपाटातली माझ्या नावाची फाइल आणून दिली. आत त्या तपासणीचा अहवाल. निनादमध्ये जनुकाचा जो तुकडा नाही, तो माझ्याही दोन प्रतींपैकी एकीत नाही. दुसरी शाबूत म्हणून मी धडधाकट; मुलग्यांकडे या जनुकाची एकच प्रत असते, तीही आईकडून आलेली, आणि त्याला मिळाली ती माझी तुटकी. म्हणजे ते माझ्याकडून आलं होतं, फवारणीतून नाही. आणि खाली, अहवाल मिळाल्याची सही... यांची!

हे निनादला भात भरवत होते. मी कागद पुढे धरला.

"मीच तिले म्हटलं, सुमनले सांगू नको," ते म्हणाले. "आई होती तवा. तिनं तुले माहेरी धाडलं असतं."

"अन् मी तुम्हाले जे बोलत गेले, ते?"

"मले काय, सवय झाली होती."

सवय! सासूबाई जाऊनही सात वर्षं झाली, तेव्हा तरी सांगायचं होतं ना! रुखसाना, तू माझ्याच घरात बसून माझं ते बोलणं ऐकलंस, यांचा पडलेला चेहरा पाहिलास, आणि शीरखुर्मा वाढत राहिलीस. मला बोल लागू नये म्हणून तुम्ही दोघांनी मला दुष्ट होऊ दिलंत. याला मी उपकार म्हणू?

तिचा शेवटचा डबा माझ्याकडेच राहिलाय, भावाला द्यायला हवा. काल अनारसे तळले, डब्यात भरले, आणि झाकण लावताना असा राग आला की सगळे परातीत ओतले. हे बघत होते. उठून त्यांनी डबा घासला, पुसला, फडताळात ठेवला. "तिचा आहे, राहू दे," म्हणाले.

मी "बरं" म्हटलं. एवढं साधं मी त्यांच्याशी बारा वर्षांत बोलले नव्हते.