द्वारकाबाईचा पाण्याचा कॅन

लेकीच्या घरचं पाणी पिऊन आजवर कुणाचं वाटोळं झालं हो? एक तरी नाव सांगा. नाही ना सांगता येत? मग हर्सूलच्या द्वारकाबाईचं ऐका.

बाई खमकी. पाचोडची शेती सांभाळून हर्सूलला घर उभं केलं, भाडेकरू तिला टरकून. पण एका गोष्टीत अडून बसलेली. लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं अन्नपाणी आईबापानं घ्यायचं नाही. सासूनं पाळलं, आईनं पाळलं, मग आपण मोडायचं का?

लेक अपेक्षा श्रीलंकेत, जाफन्याला. नवरा तिकडचाच. लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा काही हलला नाही. नवं घर बांधलं, घरभरणीला आईबापाला बोलावलं. आईनं फोनवर अट सांगितली तशी लेक तडकली, "म्हंजे लेकरू नाय म्हणून माझ्या माठाला विटाळ व्हय गं? माझं पाणी चालत नसंल तर येऊच नको!"

फोन कट.

जायचं तर होतंच, पण प्यायला घरचं पाणी कॅनमध्ये भरून घेऊनच. पण विमानात पाणी नेऊ देत नाहीत म्हणे. मग बाईनं नवऱ्याला, पुंजारामला, बोटीची तिकिटं काढायला लावली. नागपट्टिनमहून सकाळी निघायचं, समुद्र ओलांडून दुपारी पलीकडच्या देशात.

"आगं, समुद्रात जाताना कुणी पाणी नेतं का?"

"तुम्ही गप बसा. कॅन तुमालाच उचलायचाय."

बंदरावरच्या साहेबानं झाकण उघडून वास घेतला. "वॉटर?"

"व्हय, हर्सूलचं," बाई ताठ मानेनं म्हणाली.

किनारा दिसेनासा झाला अन् सुपात दाणे पाखडावेत तशी बोट हलायला लागली. पुंजाराम पहिला आडवा.

"विहिरीत सूर मारणारे ना तुम्ही?"

"विहीर हलती का गं?" तो पिशवीत तोंड खुपसून म्हणाला.

शेजारच्या बाकावर एक तमिळ म्हातारी ओकून ओकून पांढरी पडली होती. बाटली रिकामी, हातानंच पाणी मागत होती. द्वारकाबाईनं तांब्या भरून दिला. मग मागची लेकुरवाळी आली, मग तिची नणंद. बाई पाजत सुटली. पाजताना जात विचारली नाही, देश विचारला नाही. शेवटचा तांब्या पुंजारामनं घशात ओतला.

"आता लेकीकडं काय पिणार गं?"

बाईनं रिकाम्या कॅनचं झाकण लावलं.

बंदरावर अपेक्षा घ्यायला आली होती. घराशी गाडीतून उतरल्यावर तिनं रागारागानं कॅन उचलला अन् झोक जाऊन पडता पडता वाचली.

"रिकामा?"

"बोटीत लोकं आजारी पडली. पाजला."

"मग तुमच्यासाठी दुकानातून बाटल्या आणू?" लेकीनं कॅन खाली ठेवत विचारलं.

द्वारकाबाई उंबऱ्यातच बसली. "दुकान कशाला? लेक हाय न्हवं घरात? आण तांब्या."

अपेक्षा धावली. निम्मं पाणी वाटेतच सांडलं. बाईनं उरलेलं घटाघटा संपवलं, तोंड पुसलं.

"लई मचूळ हाय गं तुमच्या गावचं पाणी."

"मग नको पिऊ!"

"भर पुन्हा."

तुमची लेक समुद्रापार नसेल, शहागंजातच असेल, चार गल्ल्या सोडून. लेकरू असो, नसो. उद्या जा तिच्याकडं, अन् उंबऱ्यातच आधी तांब्याभर पाणी मागून प्या.