उजव्या बाजूचा हँगर

गेल्या दिवाळीत तुम्ही दोघं आला होतात, तेव्हा ब्रेक मारला की आजोबांची जीप उजवीकडे एक झटका द्यायची. "आजी, जीप कंबर हलवते," असं धाकटा म्हणाला आणि मग शेताकडचा घाट उतरताना तुम्ही मागून ओरडत होतात, "आजोबा, अजून एकदा!" आजोबाही लाडात येऊन विनाकारण ब्रेक मारत होते. तो घाट उतरताना उजव्या हाताला दरी आहे. मी पुढे बसून तुमच्याबरोबर हसत होते. आता ते हसणं आठवायलाही नको वाटतं.

जीप आजोबांनी निवृत्तीनंतर घेतली. त्यांच्याहून ती थोडीच लहान असेल. "सगळी ओरिजिनल आहे," असं विकणाऱ्याने सांगितलं आणि आजोबांनी ते यवतमाळातल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला ऐकवलं.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाड्या धुणं चाललं होतं. वरून झेंडूचा हार आणि खालून शेतातला चिखल, हे मला चालत नाही. मी चाकाशेजारी पाट घेऊन बसले आणि जुन्या उलथन्याने आतली काळी माती खरवडायला लागले.

आता थोडं नीट वाचा, कारण थोरलीला या जीपवर गाडी शिकायची आहे. पुढच्या चाकांचा आडवा दांडा पोलादी पाट्यांना बांधलेला असतो. हे पाटे चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, दोन टोकांना धरलेले असतात. पुढच्या टोकाला हलणारी कडी असते. मागच्या टोकाला न हलणारा, जाड पोलादाचा एक कान असतो. गॅरेजवाले त्याला हँगर म्हणतात. ब्रेक मारला की चाकाचा सगळा ओढा त्या कानावर येतो. झटका बसायचा म्हणून आजोबांनी पुढच्या कडीचे बुश, म्हणजे आतल्या झिजणाऱ्या नळ्या, दोनदा बदलले होते. मागच्या कानाकडे आमच्यापैकी कोणी कधी पाहिलंच नव्हतं, तो चिखलात गाडलेला असायचा.

डाव्या बाजूचा कान साफ केला तर गोल डोक्यांचे रिव्हेट दिसले, एका ओळीत, नेटके. उजव्या बाजूला रिव्हेट नव्हते. तिथे वेल्डिंगचा ओबडधोबड वेढा होता आणि त्याच्याखालून गंजाची एक लाल रेघ निघून वर चेसीत शिरली होती. मी रेघेवर नख ठेवलं. नख आत गेलं.

मी आजोबांना हाक मारली.

"अगं, जुनी गाडी म्हटल्यावर गंज असायचाच."

"हा गंज नाही. नख आत जातंय. तुम्ही बघा."

ते वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. मग म्हणाले, "दसरा झाला की सावकाश चालवत नेतो गॅरेजला."

"चालवत? मुळीच नाही."

"मग काय डोक्यावर घेऊन जाऊ?"

डोक्यावर नाही, पण क्रेनला लावून समोरून उचलून न्यायला मी भाग पाडलं. भर बाजारातून ती तशी चालली तेव्हा चौकातला पानवाला ओरडला, "काय काकाजी, जीपची वरात काढली का? नवरी कुठं हाय?" आजोबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. चेहरा मात्र असा, की घरी येईपर्यंत ते माझ्याशी बोलणार नाहीत हे मला कळलं.

जीप नेली तो वणी रोडवरचा गॅरेजवाला कोळशाच्या ट्रकांची कामं करतो. मोठ्या आवाजाचा, हसरा माणूस. जीपखाली शिरला आणि त्याचं हसणं थांबलं.

"काकाजी, हे हँगर या गाडीचं नोहेच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं कापून चिपकवलं कोनं तं."

"शक्य नाही. गाडी ओरिजिनल आहे."

"डाव्या अंगानं हाय न ओरिजिनल. उजव्या अंगानं ठोकलेली हाय. चेसी इथं वाकून सरळ केली, हे पाहा हातोड्याचे वण. मोठा मार बसलेला दिसते."

आजोबांनी त्या वणांवरून बोट फिरवलं. तिथे टायरांची चळत होती, तिच्यावर मी बसले. म्हणजे ही जीप आमच्याकडे येण्याआधी कुठेतरी उजव्या अंगाने आदळली होती. आत कोणीतरी बसलेलं असणार. त्यांचं काय झालं, हे सांगणारं कोणी नाही. आणि त्याच जागेवर वेल्डिंगचं ठिगळ मारून, वर रंग देऊन, ती आम्हाला दिली होती. आम्ही तिच्यात तुम्हाला बसवलं.

"मंग इतके साल चालली कशी?" आजोबा एकदम वऱ्हाडीत बोलले. घाबरले की ते तसं बोलतात.

"चालली म्हून चालली. अजून एक पावसाळा नसता काढला तिनं."

भेगेवर जाड पट्टी वेल्ड करून संध्याकाळपर्यंत गाडी देतो, असं त्याचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं. ट्रॉलीचा तुकडा पूर्ण कापायचा, आणि डाव्यासारखाच नवा कान करून बसवायचा. त्याने डोळे मोठे केले. "काकू, माह्या वेल्डिंगवर कोळशाचे ट्रक चालतेत."

"ट्रकात माझी नातवंडं बसत नाहीत."

यावर तो मोठ्यांदा हसला आणि कामाला लागला.

डाव्या कानाचा आकार मी मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर उतरवून दिला होता. दुसऱ्या दिवशी पाहते तर नवा कान हुबेहूब डाव्यासारखा, आणि भोक नको त्या बाजूला. पुठ्ठा उलटायचा राहिला होता. ब्लाउज बेततानाही नवशिक्यांचं हेच होतं, पुढचे दोन्ही भाग एकाच अंगाचे कापले जातात. आजोबा आणि गॅरेजवाला दोघं त्या कानाकडे पाहत उभे, आणि मी पुठ्ठा उलटून त्यांच्या हातात दिला. "पुन्हा करा." कोणी हसलं नाही.

चेसीतली भेग पुढे सरकू नये म्हणून तिच्या टोकाला एक बारीक भोक पाडलं, मग ती भरली. तिच्यावर बसवायची पट्टी चौकोनी नाही, दोन्ही टोकांना निमुळती कापली, कारण सरळ आडवा टाका मारला तर त्याच्या कडेनेच नवी भेग पडते. हे मी आजोबांच्या जुन्या इंग्रजी मॅन्युअलमध्ये वाचलं होतं, आणि मी सांगायच्या आधीच गॅरेजवाल्याने खडूने पट्टीवर तसाच आकार काढला. डाव्या बाजूलाही तशीच पट्टी लावून घेतली. तो कान शाबूत होता, पण माझा आता कशावर विश्वास राहिला नव्हता.

गाडी घरी आली. पोरांना बसवण्याआधी घाटात ब्रेक मारून बघायचा, असं आजोबांनी ठरवलं.

"मी येते."

"तू कशाला? काही झालं तर?"

"काही झालं तर मला फोनवर ऐकायचं नाही."

सकाळचं ऊन सागाच्या पानांवर होतं. रस्ता मोकळा. दिवाळीत तुम्ही जिथे ओरडत होतात, त्याच वळणाच्या वर आजोबांनी ब्रेक मारला. झटका येणार म्हणून मी अंग डावीकडे आवळून, दोन्ही हातांनी डॅशबोर्डवरचा दांडा धरून बसले होते. झटका आला नाही. जीप सरळ थांबली. त्यांनी पुढे घेऊन पुन्हा मारला, जरा जोरात. पुन्हा सरळ.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण सरळ थांबणं कसं असतं ते मला त्या क्षणी कळलं, आणि आधीचं काय होतं तेही. उजवीकडे रस्त्याच्या कडेला कठडासुद्धा नाही.

"चला, उतरून जीपच्या खाली बघू या," मी म्हटलं.

आजोबांनी इंजिन बंद केलं. हात मात्र स्टिअरिंगवरच.

"पोरं मागे उभी होती गं," ते म्हणाले. "बसलेली नव्हती. उभी होती."

मग ते उतरले, बॉनेटला हात टेकत टेकत माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, "तू घे."

कितीतरी वर्षांनी मी जीप चालवली. दुसऱ्या गिअरमध्ये, तोंड घराकडे करून, वर. मागून ट्रकवाले हॉर्न देत होते, त्यांना देऊ दिला. वाटेत आजोबांनी एकच वाक्य उच्चारलं, "पोरांना यातलं काही कळू द्यायचं नाही." मी हो म्हटलं नाही.

थोरलीचा निरोप काल आला, की नाताळच्या सुट्टीत येतो आहोत, जीप तयार आहे ना? आजोबांनी तो वाचला आणि फोन माझ्या हातात देऊन आत निघून गेले. एरवी अशा निरोपाला उत्तर द्यायला ते फोन सोडत नाहीत. तर बाळांनो, उत्तर मी देते आहे. जीप तयार आहे. थोरले, तुला मी शिकवीन, आजोबा नाहीत, आणि तेही घराजवळच्या, तूर काढलेल्या सपाट रानात. धाकटा मागे बसेल, उभा राहणार नाही. घाटात या खेपेला आपण एसटीने जाऊ. पुढच्या खेपेचं मला आज विचारू नका.