एल्वाने तळं पाहिलं

हॅरिगनचं खारं तळं घरापासून गाडीने अर्ध्या तासावर, तरी एल्वा क्रीगने ते कधी पाहिलं नव्हतं. लग्न होऊन ती या वैराण मुलखात, मेंढ्यांच्या राज्यात आली तेव्हाच तिने बजावलं होतं, "मीठ माझ्या स्वयंपाकघरात आहे. ते बघायला मी कुठं जाणार नाही."

नवरा लेस मात्र त्या तळ्यापायी खुळावलेला. कोरड्याठाक मिठात कधीतरी पाणी येईल म्हणून त्याने लोकर कातरायच्या शेडमध्ये होडी बांधली. मुलं शहरात पांगली, होडीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. आल्यागेल्याला चहा देताना एल्वा तिकडे बोट दाखवी, "ते आमचं आरमार."

आणि एका वर्षी उत्तरेचा पूर खरोखरच तळ्यात उतरला. शहरातून गाड्यांची रीघ लागली. माश्या बसू नयेत म्हणून तोंडावर जाळी ओढून लोक "काय ही शांतता!" असं एकमेकांना ओरडून सांगत. परतताना एल्वाच्या नळावर चिखलाचे पाय धूत.

"इथं चांगली कॉफी मिळत नाही का हो?"

"मिळते की. अॅडलेडला."

लेस होडी घेऊन गेला. दुपारी वायरलेसवर त्याचा आवाज आला, "एल्वा, होडी रुतली गं."

"पाणी किती आहे?"

"घोट्याच्या वर आहे."

"मग चालत ये, खलाशा!"

"ढकलताना गुडघा मुरगळला."

शिव्या घालत एल्वा गाडी काढून गेली, चिखल तुडवत होडीशी पोचली. वर पांढरं आभाळ, खाली पांढरं पाणी. लेस आत बसून हसत होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"रडतोस काय? आधीच खारट आहे."

"बघ तरी एकदा."

पाय भरून आले होते म्हणून ती होडीच्या काठावर टेकली. तिने चहूकडे पाहिलं. "वास येतोय," ती म्हणाली, आणि त्याचा हात खांद्यावर घेऊन निघाली. तळ्याच्या काठावर लोक त्यांचे फोटो काढू लागले. "घरी आरसे नाहीत का तुमच्या?" ती खेकसली.

गुडघा बरा होईतो तळं आटलं. होडी मिठातच राहिली. लेस रविवारी तिच्यात जाऊन बसू लागला. एल्वा त्याला थंड मटणाचं सँडविच बांधून द्यायची. सोबत मात्र कधी गेली नाही.

"पाहिलं ना एकदा," ती म्हणे. "सपाट आहे."