तिसऱ्या एल्बोवरची फुली

मी बनारसची, दूधविनायकच्या मराठी वस्तीतली. शाळा दहावीला सुटली, मिलिटरी पोलीसमध्ये भरती झाले, पोस्टिंग फिरून आपल्याच गावात, कॅन्टोन्मेंटला. आता नोकरी नाही. मुलगी सात महिन्यांची आहे, झोपलीय तेवढ्यात लिहिते, भीती वाटतेय पण लिहिते.

आमच्या लंगरात, म्हणजे जवानांच्या रसोईत, वाफेवर डाळभात शिजायचा. वाफेची लाइन हवालदार रामसजीवन उस्ताद बघायचे. पाइप वळतो तो एल्बो, तो बाहेरच्या बाकाला आतून झिजतो, गंजतो. उस्ताद हातोडीने ठोकून आवाज ऐकायचे. पातळ लागला की वरून लोखंडी पत्रा वाकवून वेल्डिंग करायचे. तोवर खडूची फुली. फुली म्हणजे वाफ सोडायची नाही.

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी तिसरा एल्बो ठोकून म्हणाले, "ए मराठिन, कान लगा. इसको बुखार है."

"मोसंबी लाऊं उस्ताद?"

"पहले खुद खा, सींकिया पहलवान."

फुली मारली आणि वेल्डिंगचा सिलिंडर आणायला डेपोत गेले. सकाळी पत्रा लावणार होते.

चार वाजता सुभेदार साहेब आले. "सब चमकना चाहिए." फौजेत इन्स्पेक्शन म्हटलं की झाडांनासुद्धा चुना लागतो. ब्रश माझ्या हातात. फुली मी पाहिली. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. तिच्यावरूनच चंदेरी रंगाचे दोन हात मारले.

सकाळी पाच पस्तीसला लांगरीला, म्हणजे स्वयंपाक्याला, फुली दिसली नाही, त्याने व्हॉल्व्ह उघडला. मी समोरच्या गेटवर होते. पाच पन्नासला उस्ताद आले, आत शिरले, ओरडले, "किसने खोला? भागो सब!" लांगरी आणि दोन जवान बाहेर पळत आले. मग धडाका.

वॉकीटॉकीवर मी म्हटलं, "गेट से. लंगर में स्टीम फटा. ॲम्ब्युलन्स. ओव्हर."

"कॅज्युअल्टी? ओव्हर."

"एक."

चौकशीत मला विचारलं, खूण पाहिली होती का. मी म्हटलं, नाही साहेब. लग्न ठरलं होतं, कोर्ट मार्शल होईल वाटलं, तोंडातून 'नाही'च निघालं. कागदावर आलं, मेकॅनिकने खूण केली नव्हती.

उस्तादांची बायको बलियाहून त्यांची ट्रंक न्यायला आली. मला विचारलं, "लोग कहते हैं इन्हीं की गलती थी. सच है का?"

मी पाणी आणते म्हणून उठले, परत गेलेच नाही.

खूण होती. रंग मी मारला. हवालदार रामसजीवन यांनी आधी तिघांना बाहेर काढलं, मग ते व्हॉल्व्ह बंद करायला गेले.